वुडफर्ड चौकातील गुरुजी

कोणत्याही परक्या गावी गेलो की तेथील देवालय आणि नदीचा घाट पाहून झाल्यावर आम्ही तिसरी एक चौकशी करतो : या गावात व्याख्याने कोठे होतात? पस्तीस वर्षे मास्तरकी केल्याचा हा परिणाम असावा. चार माणसे दिवसभराचा उद्योग आटोपून जेथे कोणाचे तरी बोलणे ऐकावयास जमतात, तेथे त्या गावाची नाडी हाताला लागते, असा आमचा जुना समज आहे. पुण्यास शनिवारवाड्यापुढील पटांगणात आम्ही ती कित्येकदा पाहिली. परंतु सातासमुद्रांपलीकडे, वेस्ट इंडीजमधील एका चिमुकल्या बेटावर, अशाच एका पटांगणाची ओळख व्हावयाची आहे, असे कोणी भाकीत केले असते तर आम्हांस ते खरे वाटले नसते.

योग आला तो असा. आमच्या जावईबापूंची नेमणूक दोन वर्षांकरिता त्रिनिदाद बेटात झाली. मुलीचे पहिले बाळंतपण तेथेच व्हावयाचे ठरले, आणि आमच्या कुटुंबाने जाण्याचा निश्चय केला. त्यांची पडशी कोण उचलणार, या निमित्ताने आमचेही तिकीट निघाले. मुंबईहून लंडन व लंडनहून पुन्हा विमानाने अटलांटिक महासागर ओलांडून आम्ही पियार्कोच्या विमानतळावर उतरलो. वर्गात जगाचा नकाशा टांगून हे बेट आम्ही मुलांस अनेकदा दाखविले होते. मात्र छडीचे टोक ठेवताच ते सबंध झाकून जात असे. आता त्याच ठिपक्यावर आम्ही उभे होतो.

ठिपका म्हणजे तरी केवढा? त्रिनिदाद आणि टोबॅगो ही दोन बेटे मिळून जे राष्ट्र झाले आहे त्याचे क्षेत्रफळ ५,१२८ चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या पुणे जिल्ह्याच्या एक तृतीयांशाएवढे. २०११ सालच्या खानेसुमारीत लोकसंख्या सव्वातेरा लक्षांच्या आसपास भरली. तीत भारतीय वंशाचे लोक शेकडा ३५ व आफ्रिकी वंशाचे शेकडा ३४ होते. बाकीचे बहुतेक मिश्र वंशाचे. दक्षिण अमेरिकेचा किनारा इतका जवळ की, निरभ्र दिवशी व्हेनेझुएलाचे डोंगर दृष्टीस पडतात. झाडे मात्र सारी ओळखीची. आंबा, फणस, चिंच, नारळ. आमच्या कुटुंबाने अंगणातील कढीलिंबाचे पान चुरगाळून हुंगले आणि त्यांचा प्रवासाचा सगळा शीण गेला.

पोर्ट ऑफ स्पेन ही तेथील राजधानी. चौथ्या दिवशी जावईबापू आम्हांस गावात घेऊन गेले, आणि नेहमीचा प्रश्न विचारताच हसून म्हणाले, "नाना, तुम्हांला हवी ती जागा आता येईल." ती जागा म्हणजे वुडफर्ड चौक. मोठमोठ्या वृक्षांची दाट सावली, लोखंडी कठडा, मधोमध जलदेवतांच्या आकृतींचे ओतीव लोखंडाचे जुने कारंजे, आणि सभोवार राज्यकारभाराच्या साऱ्या वास्तू. पश्चिमेस लाल रंगाचे विधिमंडळ, ज्यास 'रेड हाउस' असे म्हणतात. उत्तरेस न्यायमंदिर, नगरभवन व जुने सार्वजनिक ग्रंथालय. दक्षिणेस प्रॉटेस्टंट पंथाचे मोठे प्रार्थनामंदिर. कायदा, न्याय, धर्म आणि ग्रंथ हे चौघे चार दिशांनी बसलेले आणि मध्ये बाकांवर सामान्य माणूस, अशी ही रचना आहे. तेथील लोक ही बाके रिकामी ठेवीत नाहीत. कोणी सोंगट्या मांडतो, कोणी बायबल वाचतो, कोणी सरकारचे वाभाडे काढतो.

आणि हे वाभाडे नुसते तोंडीच असतात असे नाही. १९०३ साली इंग्रज सरकारने पाण्यासंबंधी नवा कायदा आणला तेव्हा याच चौकात निषेधाची सभा भरली, आणि खवळलेल्या जमावाने समोरचे रेड हाउस जाळून टाकले. आज दिसते ती इमारत १९०७ सालची होय. अशा या चौकात १९५५ सालच्या जून महिन्यात एक इतिहासाचा अध्यापक बोलावयास उभा राहिला. त्याची हकीकत सांगण्याकरिताच हा लेखप्रपंच आहे.

डॉक्टर एरिक विल्यम्स यांचा जन्म २५ सप्टेंबर १९११ रोजी याच गावी झाला. वडील पोस्टात कारकून, घरात बारा भावंडे, त्यांत हे थोरले. अशा घरात बुद्धिमान मुलापुढे एकच वाट असते आणि ती शिष्यवृत्तीची. आपल्याकडील कित्येक घरांची कहाणी याहून वेगळी नाही. मैदानाच्या कडेला उंच घड्याळाच्या मनोऱ्याची क्वीन्स रॉयल कॉलेज नावाची शाळा आम्ही पाहिली. तेथे ते शिकले. तेथेच फुटबॉल खेळताना झालेल्या इजेमुळे त्यांच्या कानांस बहिरेपणा आला असे सांगतात. वाचकांनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी. १९३१ साली त्यांस बेटाची शिष्यवृत्ती मिळून ते ऑक्सफर्डला गेले. १९३५ साली इतिहासात पहिला वर्ग आणि १९३८ साली डॉक्टरची पदवी त्यांनी मिळविली.

त्यांच्या प्रबंधाचा विषय आम्हांस व्यक्तिशः बोचणारा आहे. इंग्रजांनी आपल्या साम्राज्यातील गुलामांचा व्यापार १८०७ साली बंद केला आणि १८३३ च्या कायद्याने गुलामगिरीच मोडली. हे सारे केवळ दयाबुद्धीने झाले, असे इतिहासाची पुस्तके सांगत आली. विल्यम्स यांनी हिशेबाच्या वह्या उघडल्या. साखरेच्या मळ्यांतून व गुलामांच्या व्यापारातून आलेल्या पैशाने इंग्लंडातील कारखानदारीस भांडवल मिळाले. पुढे मळ्यांचा नफा आटला, नव्या कारखानदारांस जुनी मक्तेदारी जाचू लागली, आणि मगच दयाबुद्धीस यश आले, असे त्यांनी प्रतिपादन केले. या प्रबंधातून वाढविलेला 'कॅपिटॅलिझम अँड स्लेव्हरी' हा ग्रंथ १९४४ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाला. इंग्लंडात तो छापावयास प्रारंभी कोणी धजेना. तेथील आवृत्ती निघावयास १९६४ साल उजाडले. त्यातील आकड्यांविषयी व निष्कर्षांविषयी पंडितांत अजून वाद आहेत. परंतु वाद घालावयाचा तर विल्यम्स यांचे नाव घेऊनच प्रारंभ करावा लागतो, ही गोष्ट निर्विवाद.

आम्हांस बोचले ते याकरिता. तालुक्याच्या गावी आम्ही संस्कृत आणि इतिहास शिकवीत असू. एके दिवशी नववीच्या वर्गात हा गुलामगिरीच्या निर्मूलनाचा भाग आम्ही मोठ्या रसाळपणे सांगितला. तेव्हा मागच्या बाकावरील एक मुलगा उठून म्हणाला, "गुरुजी, मग इतकी वर्षे ती चालविली कोणी?" वर्ग हसला. आम्हांस उत्तर माहीत नव्हते. तास संपावयास पाचच मिनिटे उरली होती. आणि मुलगा अभ्यासात यथातथाच होता. आम्ही म्हणालो, "पुस्तकात आहे तेवढे लिही. खाली बस." तो खाली बसला. पुढे दहावी होऊन शाळा सोडीपर्यंत त्याने आमच्या तासाला दुसरा प्रश्न विचारल्याचे आम्हांस आठवत नाही. विल्यम्स यांचा सारा जन्म ज्या प्रश्नाच्या उत्तरात गेला, तोच प्रश्न आम्ही पाच मिनिटांकरिता खाली बसविला होता.

असो. विल्यम्स १९३९ सालापासून वॉशिंग्टन येथील हॉवर्ड विद्यापीठात शिकवीत होते. पुढे वेस्ट इंडीजच्या बेटांसाठी मोठ्या राष्ट्रांनी नेमलेल्या कॅरिबियन कमिशनची नोकरी करीत ते मायदेशी परतले. १९५४ साली ग्रंथालयात त्यांचा आणि एका विद्वान पाद्र्याचा ॲरिस्टॉटलच्या शिक्षणविषयक मतांवर जाहीर वाद झाला, व तो ऐकावयास लोकांनी दाटी केली. यवन तत्त्ववेत्त्याच्या मतांवरील वादास गोदीतले हमाल व दुकानातले नोकर येतात, हे पाहूनच की काय, या मास्तरास आपला खरा वर्ग कोठे आहे हे कळून चुकले. पुढच्याच वर्षी कमिशनने त्यांच्या नोकरीची मुदत वाढविली नाही. २१ जून १९५५ रोजी ते ग्रंथालयासमोरील चौकात आले, जमलेल्या हजारो लोकांपुढे त्यांनी कमिशनशी आलेल्या आपल्या संबंधांची साद्यंत हकीकत सांगितली, आणि आता कोठेही न जाता येथेच आपल्या लोकांत राहणार असे जाहीर केले. यानंतर त्या चौकास त्यांनी नावच दिले, 'वुडफर्ड चौकाचे विद्यापीठ'.

या विद्यापीठास प्रवेशपरीक्षा नव्हती, फी नव्हती, छप्परही नव्हते. राज्यघटना कशी असावी, साखरेचा भाव कोण ठरवितो, अथेन्समध्ये लोकसत्ता कशी चाले, असे विषय असत, आणि वक्ता आकडे, सनावळ्या व ग्रंथांचे आधार देऊन बोले. बाकावर आमच्या शेजारी एक वृद्ध निग्रो गृहस्थ बसले होते. गोदीतील नोकरीतून निवृत्त झालेले. आम्ही शिक्षक होतो असे कळताच त्यांनी डोक्यावरची टोपी किंचित उचलली. लहानपणी वडिलांच्या खांद्यावर बसून त्यांनी ही व्याख्याने ऐकली होती. आम्ही विचारले, "एवढे गहन विषय तुमच्या वडिलांस समजत काय?" ते म्हणाले, "सगळे समजत नसे. पण हा मनुष्य आम्हांला मूर्ख समजून बोलत नाही, एवढे वडिलांना पहिल्याच दिवशी समजले." पस्तीस वर्षांच्या नोकरीत अध्यापनशास्त्रावरील जी शिबिरे आम्ही केली, त्यांत एवढी नेमकी गोष्ट आम्हांस कोणी सांगितली नव्हती.

१९५६ च्या जानेवारीत विल्यम्स यांनी आपला पक्ष स्थापन केला. त्याचे पहिले अध्यक्ष सुप्रसिद्ध क्रिकेटपटू लिअरी कॉन्स्टन्टाइन होते. त्याच वर्षी २४ सप्टेंबरला निवडणूक होऊन २४ पैकी १३ जागा या पक्षास मिळाल्या आणि चौकातील अध्यापक मुख्यमंत्री होऊन समोरच्या रेड हाउसमध्ये गेला. चौक आणि रेड हाउस यांच्यामध्ये एक रस्ता तेवढा आहे. तो ओलांडावयास दोन मिनिटे पुरतात. परंतु ओलांडून पलीकडे गेलेल्या माणसास अलीकडचे ऐकू येत राहते की नाही, हाच पुढील पंचवीस वर्षांचा प्रश्न झाला.

प्रारंभीची कामगिरी मोठी होती यात संशय नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळी इंग्लंडने शॅगरामस नावाचे बेटाचे वायव्य टोक अमेरिकेस आरमारी तळासाठी नव्व्याण्णव वर्षांच्या कराराने दिले होते. ते परत मिळावे म्हणून २२ एप्रिल १९६० रोजी भर पावसात विल्यम्स यांनी चौकातून प्रचंड मिरवणूक काढली, व पारतंत्र्याची निशाणी ठरलेले दस्तऐवज जाहीरपणे जाळले. अमेरिकेसारख्या राष्ट्राने अखेर वाटाघाटी करून त्यातील बराच भाग सोडला. माध्यमिक शिक्षण विनाशुल्क झाले, आणि अकराव्या वर्षी देण्याच्या एका सामान्य परीक्षेने गरिबाच्या मुलांकरिता मोठ्या शाळांचे दरवाजे उघडले.

याच सुमारास इंग्रजांच्या ताब्यातील दहा वसाहतींचे एक संघराज्य १९५८ साली निर्माण झाले होते. १९६१ च्या सप्टेंबरात जमेकाने लोकमत घेऊन त्यातून अंग काढले. तेव्हा विल्यम्स यांनी केलेले गणित तेथे आजही लोकांच्या तोंडी आहे : दहांतून एक वजा केला तर बाकी शून्य! अंकगणिताच्या शिक्षकाने असे उत्तर लिहिणाऱ्या मुलास बाकावर उभे केले असते. परंतु राजकारणात ते बरोबर ठरले. संघराज्य मे १९६२ मध्ये विसर्जित झाले आणि त्रिनिदाद व टोबॅगो यांनी स्वतंत्र होण्याची सिद्धता केली.

येथे आपल्या लोकांविषयी सांगितले पाहिजे. गुलामगिरी गेल्यावर मळेवाल्यांस स्वस्त मजूर हवे होते. ३० मे १८४५ रोजी 'फतेल रझाक' नावाचे गलबत कलकत्त्याहून सव्वादोनशेच्या आसपास माणसे घेऊन या बंदरात लागले. तेव्हापासून १९१७ पर्यंत पाच वर्षांच्या करारावर येथे आणलेल्या भारतीयांची संख्या १ लक्ष ४० हजारांच्या वर जाते. यांतील बहुतेक संयुक्त प्रांत व बिहारकडील. हीच ती गिरमिट. ही पद्धत समूळ बंद करावी असा ठराव १९१२ साली वरिष्ठ कायदे कौन्सिलात मांडणारे गृहस्थ म्हणजे आपले नामदार गोखले, फर्ग्युसन कॉलेजातील पूर्वीचे अध्यापक. सरकारी बहुमताने तो ठराव फेटाळला गेला. परंतु पाचेक वर्षांत या पद्धतीने माणसे नेणे बंद पडले. त्रिनिदादच्या उसाच्या फडात उभे राहून आम्ही नामदारांचे स्मरण केले.

ही भारतीय मंडळी खेड्यांत व उसाच्या मळ्यांत, आणि आफ्रिकी वंशाचे लोक बव्हंशी गावांत, अशी वस्ती झाली आणि राजकारणही त्याच रेषेने दुभंगले. विल्यम्स यांच्या मंत्रिमंडळात भारतीय वंशाची माणसे होती हे खरे. परंतु हिंदू जनता बहुतांशी विरोधी पक्षाबरोबर राहिली. १९५८ च्या मार्चमध्ये संघराज्याच्या निवडणुकीत या बेटाच्या दहा जागांपैकी सहा विरोधकांनी जिंकल्या. थोड्याच दिवसांत त्याच वुडफर्ड चौकात विल्यम्स उभे राहिले आणि भारतीयांतील विरोधकांस उद्देशून 'हटवादी व वैरी अल्पसंख्य' या आशयाचे शब्द बोलून गेले. हाच तो मनुष्य, ज्याने याच जागी हमालास मूर्ख समजून संभाषण केले नव्हते.

आमच्या मुलीच्या शेजारी एक भारतीय वंशाच्या वृद्ध बाई राहतात. आळीतील सारी मुले त्यांस 'आजी' म्हणतात; आमची भाषा त्यांस येत नाही व त्यांची भोजपुरीही आता चार शब्दांपुरती उरली आहे, पण आजी ही आजीच राहिली आहे. दारात बांबूवर तांबड्या-पिवळ्या झेंड्या, तुळस, आणि घरात हरभऱ्याच्या उसळीबरोबर वड्यासारखी मऊ भाकरी. तिला तेथे 'डबल्स' म्हणतात. आमच्या कुटुंबाने ती प्रथम साशंकतेने व नंतर रोज खाल्ली. या आजींस आम्ही विल्यम्स यांच्याविषयी विचारले. त्या बराच वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "माझे वडील फडात ऊस तोडीत. ते शब्द त्यांनी ऐकले आणि दोन दिवस ते कोणाशी बोलले नाहीत. आम्ही सनातन धर्म महासभेच्या शाळेत जात असू. लोक त्या शाळांना गोठे म्हणत. पण अकराव्या वर्षी मी त्या माणसाच्याच परीक्षेला बसले आणि मोठ्या शाळेत फुकट शिकले. मग पुढे मी परिचारिका झाले. आता त्याला काय म्हणायचे ते तुम्हीच सांगा, मास्तर." आम्हांस काही सांगता आले नाही.

विरोधी पक्षाचे नेते डॉक्टर रुद्रनाथ कॅपिल्देव हेही अध्यापकच. तेही त्याच क्वीन्स रॉयल कॉलेजचे विद्यार्थी आणि तशाच शिष्यवृत्तीवर विलायतेस गेलेले. लंडन विद्यापीठात ते गणित शिकवीत. १९६१ च्या निवडणुकीत उभय पक्षांत वैर इतके पेटले की, या गणितज्ञाच्या तोंडून हत्यारे उचलण्याची भाषा निघाली. १९६२ च्या मे-जूनमध्ये लंडन येथे मार्लबरो हाउसमध्ये स्वातंत्र्याची घटना ठरविण्यास परिषद बसली तेव्हा बोलणी मोडण्याच्या बेतात आली. मग चहाच्या सुटीत हे दोघे एकमेकांशी समोरासमोर बोलले. विल्यम्स यांनी अल्पसंख्यांस घटनेत संरक्षण व विचारविनिमयाची हमी दिली, कॅपिल्देव यांनी विरोध सोडला, आणि बेटावरील रक्तपात टळला. एक इतिहासाचा मास्तर व एक गणिताचा मास्तर चहाच्या पेल्यापाशी एकमेकांचे ऐकून घेतात आणि एक राष्ट्र सुरळीत जन्मास येते. आमच्या मते विल्यम्स यांच्या साऱ्या कारकीर्दीतील ही सर्वोत्तम घटिका होय. त्या दिवशी त्यांनी भाषण केले नव्हते.

३१ ऑगस्ट १९६२ च्या मध्यरात्री रेड हाउसवर नवा ध्वज चढला. आदल्या दिवशी क्वीन्स पार्क ओव्हल या क्रीडांगणावर जमलेल्या शाळकरी मुलांस विल्यम्स म्हणाले की, राष्ट्राचे भवितव्य तुम्ही आपल्या दप्तरांतून वाहून नेत आहात. मराठी वाचकांस हे क्रीडांगण दुसऱ्या कारणाने ठाऊक आहे. १९७१ साली अजित वाडेकर यांच्या नेतृत्वाखाली वेस्ट इंडीजवर पहिला विजय मिळाला तो येथेच, आणि सुनील गावस्कर नावाच्या नवख्या तरुणाने त्याच मालिकेत ७७४ धावा काढल्या. आम्ही तेव्हा दप्तरवाले होतो व ती बातमी वर्तमानपत्रातून कापून वहीत चिकटविली होती. ओव्हलच्या पायऱ्यांवर बसून आम्ही नातवंडाच्या दप्तराचा विचार करीत होतो. ते नातवंड तेव्हा दहा दिवसांचे होते.

स्वातंत्र्यानंतरची हकीकत संमिश्र आहे. सी. एल. आर. जेम्स हे थोर लेखक शाळेत विल्यम्स यांचे गुरू होते, आणि प्रबंधाच्या कामी त्यांचे मोठे साहाय्य झाले होते. १९६५ साली ते क्रिकेटचे सामने पाहून वृत्तपत्रास लिहिण्याकरिता त्रिनिदादला आले असता, विल्यम्स यांच्या सरकारने त्यांस काही काळ घरातच स्थानबद्ध केले. शिष्याने गुरूस घराबाहेर पडण्याची बंदी करावी, हे आमच्यासारख्यास वाचवत नाही. १९७० च्या आरंभी बेरोजगार तरुण व विद्यापीठातील विद्यार्थी रस्त्यावर आले. स्वातंत्र्य येऊन आठ वर्षे झाली तरी पेढ्या व मळे गोऱ्यांच्याच हाती का, असे ते विचारीत. त्यांच्या सभा कोठे भरल्या असतील? त्याच वुडफर्ड चौकात. त्यांनी त्या जागेस 'लोकांची पार्लमेंट' हे नाव दिले. विल्यम्स यांनीच शिकविलेला धडा मुले म्हणून दाखवीत होती, आणि गुरुजी रस्त्यापलीकडच्या इमारतीत होते. १२ मार्चला हजारो लोक भारतीय व आफ्रिकी एक व्हा अशा घोषणा देत उसाच्या प्रदेशापर्यंत पायी गेले. २१ एप्रिलला आणीबाणी पुकारली गेली, पुढारी तुरुंगात गेले, आणि ज्या शॅगरामसच्या भूमीकरिता विल्यम्स पावसात चालले होते तेथील छावणीतच त्यांच्या सैन्यातील काही शिपायांनी बंड केले. ते मोडले गेले. पुढील वर्षी विरोधकांनी निवडणुकीवर बहिष्कार घातला, आणि ३६ च्या ३६ जागा एकाच पक्षास मिळाल्या. ज्या वर्गात एकही हात वर होत नाही, त्या वर्गाचे मास्तर फार प्रसन्न असतात. आम्हीही असू.

त्यांच्या डोळ्यांवर काळा चष्मा आणि कानात ऐकण्याचे यंत्र असे. विधिमंडळात विरोधी सभासद बोलावयास उठले की ते यंत्राची कळ बंद करीत, ही आख्यायिका त्या बेटावर आबालवृद्धांस ठाऊक आहे. चौकातील त्या गोदीवाल्या वृद्धासही आम्ही विचारले, "मग पुढे काय झाले?" त्यांनी शब्द न बोलता आपल्या कानाला हात लावला आणि बोटाने कळ फिरविल्यासारखे केले.

१९७३ साली त्यांनी निवृत्तीची घोषणा केली आणि दोन-अडीच महिन्यांतच ती मागे घेतली. त्याच सुमारास तेलाचे भाव चढले व बेटाच्या तिजोरीत पैशाचा पूर आला. साखरेचे मळे सरकारने विकत घेतले, शाळा निघाल्या, पोलादाच्या कारखान्याचे काम सुरू झाले; त्याबरोबरच भोवतालच्या माणसांवर लाचलुचपतीचे आरोपही झाले. १९७६ साली देश प्रजासत्ताक झाला. अखेरच्या वर्षांत ते एकाकी राहत, फार थोड्यांस भेटत. मधुमेह जडला होता, पण वैद्यांचेही ते ऐकत नसत. २९ मार्च १९८१ रोजी पंतप्रधानपदावर असतानाच त्यांचा अंत झाला. १९८६ साली लोकांनी त्यांच्या पक्षास पायउतार केले. १९९५ साली बासदेव पांडे हे भारतीय वंशाचे पहिले पंतप्रधान झाले, आणि कमला प्रसाद-बिसेसर या २०१० साली व पुन्हा २०२५ साली त्या पदावर आल्या. ज्यांस एकदा वैरी म्हटले गेले, त्यांच्या नातवंडांनी मतपेटीच्या मार्गाने रेड हाउसचा जिना चढावा, हेही त्याच घटनेचे फळ होय, जी चहाच्या सुटीत वाचली.

विल्यम्स यांस आम्ही वाईट म्हणू धजत नाही. ज्याने लिहिले, शिकविले, परकी आरमारास हलविले, आणि आजींसारख्या मुलीस दप्तर दिले, त्याच्या पासंगासही आम्ही पुरणार नाही. परंतु आमच्या धंद्याचा जो दोष आहे तो त्यांच्यात मोठ्या अक्षरांत वाचावयास मिळतो, म्हणून त्याचा उल्लेख केल्यावाचून राहवत नाही. आम्ही बोलून बोलून जगतो. समोरचा गप्प बसला की त्यास समजले असे धरून चालतो. कालेकरून त्याचे गप्प बसणे हेच आपले यश वाटू लागते. आम्ही पाच मिनिटांच्या राज्यात हे केले. त्यांस पंचवीस वर्षांचे राज्य मिळाले होते.

गेल्या वर्षापासून आमच्याही कानात यंत्र आले आहे. बाळंतघरात बायकांचा गलबला वाढला की आम्ही ते हळूच काढून खिशात ठेवीत असू. आमच्या कुटुंबाने तो अपराध दोन वेळा पकडला. निघण्यापूर्वीच्या संध्याकाळी आम्ही पुन्हा वुडफर्ड चौकात गेलो. कारंज्यापाशी एक तरुण फळ्यावर खडूने काहीबाही लिहून तावातावाने बोलत होता, भोवती दहा-पंधरा माणसे होती व त्यांतील एक म्हातारी त्यास अडवून उलट विचारीत होती. त्यांच्या बोलीतील निम्मे शब्द आम्हांस कळले नाहीत. तरीही काळोख पडेपर्यंत आम्ही उभे राहिलो.

नववीतला तो मुलगा आता चाळिशीत असेल. काही वर्षांपूर्वी एका पतपेढीत तो आम्हांस भेटला होता. वाकून नमस्कार केला, आमचे काम झटपट करून दिले, आणि काही विचारले नाही. घरी परतल्यावर पतपेढीच्या पत्त्यावर आम्ही त्यास चार पानी पत्र टाकले आहे. गुलामगिरी इतकी वर्षे कोणी चालविली, याचे जेवढे उत्तर या प्रवासात आम्हांस मिळाले तेवढे त्यात लिहिले असून, आणखी काही विचारावयाचे असल्यास अवश्य विचारावे, अशी विनंती केली आहे. उत्तर अद्याप आलेले नाही. आम्ही वाट पाहत आहोत.